दोनशे अडतीस किलो

दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत
ती एका दमात वळत नाही.
आधी हातभर पुढे, मग कंबर लावून मागे,
मग घोरपड्यांच्या ओट्याला आरसा घासणार नाही
इतपत पुन्हा पुढे.
इस्त्रीवाला रमणभाई हातातलं शर्ट तसंच धरून
"आववा दो, आववा दो" म्हणत राहतो
बंदराला जहाज लागावं तसा.

चार सिलिंडर. टाकी भरली की दोनशे अडतीस किलो.
घेतली तेव्हा मी बावन्न वर्षांचा,
रिफायनरीत प्रेशरचे काटे तपासणारा.
माहितीपत्रकात लिहिलं होतं:
वेगासाठी, आणि लांबच्या वाटेसाठी.
भरूचच्या पहिल्याच फेरीत कळलं,
मनगटं वेगाला दिलीयेत, पाठ लांबच्या वाटेला,
आणि दोघींचं आपसात पटत नाही.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पांचाळने विचारलं,
"साहेब, कंपनीने माप कोणाचं घेतलं?"
म्हटलं, असेल जपानातलं कुणी.
"तर मग आता आपलं घेऊ."
गाडीवर बसवलं, डोळे मिटायला लावले.
"हात सोडा. जिथे थांबतील तिथे थांबू दे."
हँडल सोडून हवेत कुठेतरी थांबले ते,
आणि त्याने शिंप्यासारखी पट्टी लावली.
बत्तीस मिलिमीटर.
लेथवर अॅल्युमिनियम सोललं जात होतं,
चकचकीत, कुरळं.
एक साल मी खिशात घातली.
अजून आहे, कपाटात, पॅनकार्डाच्या पाकिटात.

मे महिन्यात इंजिनाचा पंखा फिरायला लागला
की उजवी मांडी भाजून निघते.
त्यावर सिंगतेलाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला.
बाहेरून काळा रंग. आतून अजूनही
अर्धा शेंगदाणा आणि "शुद्ध" मधला शु.

त्याच महिन्यात डांबर पाघळलं,
स्टँड लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं
आणि ती सावकाश, मोठ्या घरच्या बाईसारखी, आडवी झाली.
चौघांनी उचलली. रमणभाईची पाठ धरली.
तेव्हापासून स्टँडखाली लोखंडी चकती वेल्ड केलेली आहे.
विभाने आठवडाभर भाकरीचा तवा शोधला.
मग खाली येऊन वाकून बघितलं,
आणि काही बोलली नाही,
म्हणजे पुढे बोलणार होती.

दुमाडला एक्सप्रेसवेच्या तोंडाशी फलक आहे.
बैलगाडी, ट्रॅक्टर, सायकल
आणि मी:
सगळे एकाच लाल फुलीच्या गोत्रातले.
दोनशेच्या वर पळू शकणारी ही
जुन्या रस्त्याने वासदकडे निघते
तंबाखू भरलेल्या ट्रॉलीमागे, दुसऱ्या गिअरमध्ये,
नाकात शिंक धरून.

महीच्या पुलापलीकडे विभा म्हणाली, थांब.
उतरली. कठड्याला धरून गुडघे
एकेक करून सरळ केले.
बराच वेळ नदीकडे बघत होती, की बघत नव्हती.
"तुझे हात उंच झाले," म्हणाली,
"तुझी मांडी थंड झाली. माझा तवा गेला.
माझे पाय कुठे ठेवलेस?"

परतताना मनात बिलं मोजली. एकोणीस.
सगळी सीटच्या शिवणीच्या पुढची.

रविवारी ती एकटीच रिक्षाने मकरपुऱ्याला गेली.
पाय लोंबकळत ठेवून कुठल्याशा स्टुलावर बसली असणार,
पांचाळने पट्टी लावली असणार; दोघांनीही सांगितलं नाही.
संध्याकाळी तांदळाच्या पिशवीतून
दोन ब्रॅकेट काढून टेबलावर ठेवले.
"अडीच इंच खाली. बसव."
शेजारी नवा तवा. तोही माझ्याच हिशेबात.

आता आम्ही आणंदपर्यंत जातो, कधी त्याच्याही पुढे.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं.
टक.
मग खूप वेळ नुसता रस्ता.
मग गतिरोधक, आणि परत
टक.

पांचाळ म्हणतो, त्याचंही काही करता येईल,
सीट दोन बोटं मागे सरकवली तर.
म्हटलं, बघू.